पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल!

मी मुळात भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला तेवीस वर्षे बसलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. समोरून आलेले भांडण हसतमुखाने स्वीकारायचे, त्याची पोच द्यायची आणि 'साहेबांना भेटा' म्हणून आत पाठवून द्यायचे, हा आमचा धर्म. पूर्वी आम्हाला क्लार्क म्हणत. आता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव बदलले, भांडणे तीच राहिली. भांडण म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेच मी त्याच्या वाटेला जात नाही.

पण आज मी भांडायला बसलो आहे. माणसाशी नव्हे, एका वाक्याशी. ते वाक्य असे : "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्या अंगावर हे वाक्य वाचूनच काटा आला असेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये. मिक्सरच्या भांड्याची दांडी, फ्रिजच्या कप्प्याची कड, वॉशिंग मशीनच्या झाकणाची बिजागरी, यांपैकी काही ना काही आपल्या घरी तुटलेले असणारच आणि कुणीतरी गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणाने हे वाक्य आपल्यालाही ऐकवलेले असणारच.

आमची गाडी बारा वर्षांची आहे. त्यांतली पहिली पाच वर्षे ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नांदत होती. आमच्याकडे आली ती सेकंडहँड, पण वळणाची. फक्त तिला जखमा फार लवकर होतात. मागल्या पावसाळ्यात एका टेंपोने डाव्या आरशाच्या पाठीला धक्का दिला आणि तिथे तडा गेला. दिवाळीच्या सुमारास बंपरच्या कोपऱ्याला वीतभर चीर पडली. ती कुणी पाडली हे सोसायटीतल्या अनेक रहस्यांपैकी एक आहे. आणि संक्रांतीनंतर पार्किंगमधला सात नंबरचा खांब अचानक माझ्या गाडीच्या आडवा आला. घरातले लोक म्हणतात की खांब होता तिथेच होता. असेल. पण मी रिव्हर्स घेत होतो तेव्हा माझे लक्ष मागे होते आणि पुढचे तोंड वळताना खांबाने ही संधी साधली, एवढे नक्की. हेडलाइट शाबूत राहिला. काच शाबूत, बल्ब शाबूत. फक्त दिवा आपल्या जागेवर डुगडुगायला लागला आणि रात्री रस्त्याऐवजी झाडांवरचे कावळे दाखवायला लागला.

म्हणून मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे थंडगार हॉल, कॉफीचे मशीन आणि टाय लावलेला एक अतिशय सभ्य तरुण होता. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दिव्याला बोटाने हलवून पाहिले. डॉक्टर पोटावर टिचकी मारून पाहतात, तसे.

"सर, कान तुटलाय."

दिवा गाडीला ज्या छोट्या प्लॅस्टिकच्या जिभांनी स्क्रूवर बसतो, त्यांना कान म्हणतात हे ज्ञान मला तेव्हा झाले. तीन कानांपैकी एक तुटला होता. तुकडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तो मी सुपारीच्या डबीत जपून नेलाही होता.

"मग एक कान द्या," मी म्हणालो.

"कान वेगळा येत नाही, सर. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

आमच्या आजोबांना शेवटी शेवटी डाव्या कानाने ऐकू येत नसे. पण डॉक्टरांनी कधी 'पूर्ण आजोबा बदलावे लागतील' असे सांगितले नव्हते. हे मी त्या तरुणाला सांगितले. तो हसला नाही. त्याच्या हातातल्या टॅबलेटमध्ये हसण्याचा रकाना नसावा. त्याने तेवढ्यात आरसा आणि बंपरही लिहून घेतला होता. हेडलाइट ३,४००, बसवणावळ ४००, बंपर २,९००, त्याचा रंग ३,५००, आरसा २,१५०. एकूण १२,३५० रुपये, कर वेगळा.

माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "काळजी नको सर, हेडलाइट इन्शुरन्समध्ये टाकू."

इथे मात्र त्याची गाठ बी. कॉम.शी होती. कॉमर्सच्या पदवीचा आयुष्यात काही उपयोग होत नाही असे माझे सायन्सवाले मेव्हणे नेहमी म्हणतात. त्यांनी हा हिशेब नीट वाचावा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे ३,४०० चे झाले १,७००. त्यात मजुरीचे ४०० मिळवा : २,१००. लहान गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपण स्वतः सोसायचे असतात. उरले १,१००. आता दुसरी बाजू. मी गेली अनेक वर्षे क्लेम न केल्यामुळे मला ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा पायरी पायरीने २०, २५, ३५, ४५ करत सहाव्या वर्षी ५० वर पोचतो. गाडीच्या नुकसानीपोटीचा माझा मूळ हप्ता ३,२०० रुपये आहे. तो तेवढाच राहील असे धरले तरी पहिल्या वर्षी १,६०० जास्त, मग ९६०, मग ८००, मग ४८०, मग १६०. बेरीज बरोबर ४,०००. म्हणजे ११०० रुपये मिळवण्यासाठी मी चार हजार रुपये हप्त्याहप्त्याने भरायचे! आमच्या बँकेत असले कर्ज कुणी मागायला आले तर त्याला आम्ही आधी पाणी देतो. शिवाय आरसा आणि बंपर या वेगळ्या दिवशीच्या वेगळ्या जखमा. त्यांचे क्लेम वेगळे, त्यांचे हजार हजार वेगळे.

मी कॉफी संपवली, सुपारीची डबी खिशात टाकली आणि गाडी परत आणली.

वाटेत नाना पेठेत उतरलो. म्हटले, तिथे मिळत नाही असा सुटा भाग नाही. पहिल्याच दुकानात नखाएवढा तुकडा दाखवून म्हणालो, "याचा कान हवाय."

दुकानदाराने डबीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "दिवा घ्या, कान फुकट देतो," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता माझ्या लहानपणाविषयी थोडे सांगितल्याशिवाय हे भांडण पुढे सरकणार नाही. आमच्या वाड्यात वर्षातून एकदा कल्हईवाला येई. छत्र्या दुरुस्त करणारा पावसाच्या आधी येई. आणि एक माणूस यायचा तो फुटक्या प्लॅस्टिकच्या बादल्या सांधणारा. त्याच्याजवळ निखाऱ्यांची एक छोटी शेगडी आणि लोखंडाची चपटी सळई असे. सळई तापवून तो बादलीच्या चिरेवर फिरवी, वर दुसऱ्या फुटक्या बादलीचा तुकडा वितळवून भर घाली आणि ओल्या फडक्याने दाबून टाकी. आमच्या न्हाणीघरातली निळी बादली अशी तीन ठिकाणी लाल होती. ती माझ्या मुंजीच्या आधीपासून होती आणि माझ्या नोकरीचे पहिले पेढे वाटले तेव्हाही होती.

वडिलांजवळ बिस्किटांचा पत्र्याचा एक डबा होता. त्यात स्क्रू, तारा, रबराच्या चकत्या, तुटलेल्या चष्म्याच्या काड्या, असे जगाने नाकारलेले सगळे काही नांदत असे. घरात काही तुटले की ते म्हणायचे, "आधी जोडता येतं का बघ. टाकता काय, कधीही येतं." वडील गेले त्याला नऊ वर्षे झाली. डबा माझ्याकडे आहे. तो परवापर्यंत माळ्यावर होता, आणि त्याची मला थोडी लाज वाटते.

तर तो डबा मी खाली काढला आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये शस्त्रक्रियेला बसलो. एका थेंबात जग जोडणारी ती चिमुकली नळी आपल्याला माहीत आहेच. ती मी बंपरच्या चिरेत ओतली, शंभर आकडे मोजले आणि हात सोडला. चीर पूर्ववत उघडली. पुन्हा ओतली. पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी मात्र पक्के चिकटले. माझी तर्जनी, बॉनेटला.

पुण्यात एखादा माणूस बॉनेटला चिकटला तर लोक जमायला जाहिरात द्यावी लागत नाही. खालच्या मजल्यावरचे काका, दूधवाला, वॉचमन आणि दोन लहान मुले जमली. प्रत्येकाने ओढून पाहण्याची तयारी दाखवली. सौभाग्यवती वरून खाली आली, परिस्थिती पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, आता काय, पूर्ण नवरा बदलावा लागेल का?"

शेवटी कोमट साबणाचे पाणी आणि तिचे नेलपॉलिश काढायचे औषध यांनी माझी सुटका केली. बॉनेटवर एक छोटा पांढुरका डाग राहिला आहे. तो मी मुद्दाम ठेवला आहे. गुरूची खूण म्हणून.

कारण त्या दिवशी मला कळले की मी प्लॅस्टिक या जातीला चिकटवायला गेलो होतो, आणि प्लॅस्टिक अशी एक जात नाहीच. त्यात आपल्या समाजापेक्षा जास्त पोटजाती आहेत आणि सोयरिकीचे नियमही तितकेच कडक. फरक इतकाच की प्लॅस्टिकला आपली जात पाठीवर छापून घ्यावी लागते. मोटारीचा कुठलाही प्लॅस्टिकचा भाग उलटा करून पाहा. बहुधा आतल्या बाजूला दोन कोनांच्या मध्ये अक्षरे दिसतील. माझ्या बंपरवर होते पीपी अधिक ईपीडीएम, टी-२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडे रबर आणि २० टक्के टाल्क, आपल्या पावडरीतला तोच. आरशाच्या पाठीवर होते एबीएस. दिव्याची मागची पेटी पुन्हा पीपी आणि पुढची काच म्हणजे काच नव्हेच, पीसी, पॉलिकार्बोनेट.

यातले पीपी म्हणजे अळवाचे पान. डिंक त्यावर पसरतच नाही, थेंब करून बसतो. जो डिंक पसरत नाही तो धरणार काय? मुलांच्या डब्याचे एकसंध झाकण रोज उघडमीट करूनही वर्षानुवर्षे तुटत नाही, तेही बहुधा हेच पीपी. गुणी आहे, पण कुणाशी जवळीक करत नाही. एबीएसचा स्वभाव नेमका उलटा. ते ॲसिटोन दिसले की विरघळते.

आणि ती चिमुकली नळी? तिचा इतिहास तर माझ्यासारख्या बढतीतून तीनदा राहिलेल्या माणसाने फ्रेम करून लावावा असा आहे. १९४२ साली अमेरिकेत कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर हे शास्त्रज्ञ युद्धासाठी बंदुकीच्या पारदर्शक नेमदर्शकाचे प्लॅस्टिक शोधत होते. त्यात हा सायनोॲक्रिलेट नावाचा पदार्थ हाती लागला आणि लगेच नापास झाला. कारण काय, तर तो ज्याला त्याला चिकटत होता! नऊ वर्षांनी तो पुन्हा तपासात आला, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की अरे, चिकटतो हाच तर गुण आहे. १९५८ साली तो बाजारात आला. ज्या दोषाबद्दल शेरा मारला त्याच दोषावर पुढे धंदा चालला. आमच्या एच. आर. विभागाने याची नोंद घ्यावी.

पुढचे तीन रविवार मी जात पाहून उपचार केले. ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये सात नंबरचा खांब असणारच.

आधी आरसा. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे पळत नाही. आतल्या बाजूने चिरेची खाच करायची, पॉलिश पेपरने खरबरीत करायची आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकची भर घालायची. आता एबीएस आणायचे कुठून? तर लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएसचेच असतात. मेव्हण्यांनी परदेशातून आणलेले ठोकळे चिरंजीवांच्या कपाटात पडून होते. चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत आणि दिवसातून एकदा तरी "बाबा, नवीन मागवा ना, उद्या येईल" म्हणतात. त्यांनी आयुष्यात काही तुटलेले जोडलेले पाहिले नव्हते. मी दोन काळे ठोकळे मागितल्यावर ते प्रथम दचकले. मग तुकडे करून काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकले तेव्हा शेजारी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्याची काळी लापशी झाली होती. ती लापशी खाचेत भरली. ती सुकून आरशाचीच झाली. आतून हात फिरवला तरच कळते. मात्र हे ॲसिटोन हेडलाइटच्या काचेजवळ फिरकू द्यायचे नाही. पॉलिकार्बोनेटवर पडले की जाळीदार तडे जातात आणि मग खरोखरच पूर्ण असेंब्ली बदलावी लागते.

मग कान. पीपीला चिकटवता येत नाही, तर त्याला पकडायचे. कानाच्या तुकड्याला आणि बुंध्याला सुईएवढी भोके पाडली, वडिलांच्या डब्यातल्या तांब्याच्या तारेने दोन्ही शिवले, आणि वरून दोन नळ्यांचे समान भाग कालवून ॲराल्डाइट चढवले, भोकांतून आरपार जाईल असे. ते पीपीला चिकटत नसले तरी तारेला आणि भोकांना धरून बसते. रात्रभर हलवायचे नाही. ही अट घरातल्या सगळ्यांना पाठ झाली, कारण दिवा जेवणाच्या टेबलावर होता.

शेवटी बंपर. त्यावर डिंकाचा नाद सोडला. मागच्या बाजूने चिरेवर स्टीलची बारीक जाळी ठेवली आणि सोल्डरिंग आयर्नने दाबून प्लॅस्टिकमध्ये बुडवली. वर जुन्या पीपीची भर वितळवली. हे करताना वाऱ्याला बसावे, धूर चांगला नसतो. याला हल्ली प्लॅस्टिक वेल्डिंग म्हणतात आणि त्याचे सामान पेटीत घालून विकतात. मी आयर्न फिरवत असताना तो वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास नाकात गेला आणि माझा हात थांबला. हा वास मला माहीत होता. निळी बादली, लाल ठिगळ, वाड्याची पायरी. तो शेगडीवाला माणूस तेव्हा हेच करत होता. फक्त त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हते, म्हणून आपण त्याला तंत्रज्ञ म्हटले नाही, आणि मग त्याला येऊच दिले नाही.

एकूण खर्च : आयर्न ३५०, जाळी ६०, ॲराल्डाइट १३०, ॲसिटोन ६०, पॉलिश पेपर ४०. बेरीज ६४० रुपये. माझ्या चार रविवारांची मजुरी धरलेली नाही. ती सौभाग्यवतीने माळा, पंखे आणि गॅलरीच्या रूपाने पुढे वसूल केली.

आता आक्षेप. ते मला घरात, बँकेत आणि मेव्हण्यांकडून मिळाले आहेत, तेव्हा बाहेरून नवे आणायची गरज नाही.

पहिला आक्षेप : दिसतं. हो, बंपरवर जवळून पाहिले तर रेघ दिसते. माझ्या कपाळावरही लहानपणच्या पायरीची खूण दिसते. तिच्यामुळे माझे लग्न अडले नाही.

दुसरा आक्षेप : सुरक्षितता. हा मात्र मी उभा राहून मान्य करतो. ब्रेक ऑइलची टाकी, रेडिएटर, पेट्रोलच्या वाटेतले काहीही, एअरबॅगचे झाकण, बंपरच्या आतली धक्का खाणारी पट्टी यांना हौशी माणसाने डिंक लावू नये. तिथे नवेच घ्यावे आणि मुकाट्याने घ्यावे. पण आरशाच्या पाठीला आणि दिव्याच्या कानाला हीच भीती दाखवून गिऱ्हाईक घाबरवणे म्हणजे सर्दीला आय. सी. यू. दाखवण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप मेव्हण्यांचा : "तुमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" आहे. म्हणूनच तो थंडगार हॉलमध्ये दुसऱ्याच्या मोबाइलवरची गाणी ऐकत घालवायचा नव्हता.

चौथा आक्षेप खरा कठीण आहे. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणेल, जोडलेला कान उद्या सुटला तर गॅरंटी कुणाची? मजुरी तासाची, नवा भाग अर्ध्या तासात बसतो. जोडत कोण बसणार? त्याचे खोटे नाही. पण मग कान वेगळा विका! परदेशात काही कंपन्या हेडलाइटचे तुटके कान बदलायचे तुकडे वेगळे विकतात. तुटका कापायचा, नवा स्क्रूने बसवायचा. तेव्हा हे अशक्य नाही. फक्त नखाएवढ्या तुकड्यावर नफाही नखाएवढाच मिळतो.

आणि हे भांडण माझे एकट्याचे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला सहज मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अर्थातच अपिले झाली. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टलही सुरू झाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही आहेत. हक्क आला. माझा कान मात्र नाना पेठेत मिळाला नाही.

पण माझा सगळ्यात मोठा साक्षीदार याहून थोर आहे. रिझर्व्ह बँक. आमच्या काउंटरवर रोज फाटक्या नोटा येतात. नियम असा की, नोट दोन तुकड्यांत फाटली असेल आणि चिकटवून आणली असेल, दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असतील, मिळून नोट पूर्ण होत असेल आणि तिच्यावरची कुठलीही महत्त्वाची खूण गहाळ नसेल, तर ती फक्त मळकी नोट समजायची आणि पूर्ण किंमत द्यायची. पूर्ण! देशाची मध्यवर्ती बँक चिकटवलेल्या कागदाचा मान राखते. 'पूर्ण गव्हर्नर बदलावे लागतील' असे म्हणत नाही. मग चिकटवलेल्या दिव्याने काय पाप केले?

नेमका गेल्या महिन्यात, पेन्शनच्या गर्दीचा भर ओसरल्यावर, माझ्या काउंटरसमोर एक टाय दिसला. वर पाहिले तर तोच सभ्य तरुण. त्याने खिशातून पाचशेची नोट काढली. उभी फाटलेली, मध्ये सेलोटेप.

"सर, धुतलेल्या पँटमध्ये राहिली होती. चालेल का?"

मी नोट उजेडात धरली. उलटी केली. बोटाने हलवून पाहिली. आयुष्यात अशी संधी एकदाच येते.

"कोपरा फाटलाय," मी म्हणालो. "कोपरा वेगळा येत नाही. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिले. डबी, कान, आजोबा, सगळे त्याला आठवले असावे, कारण या वेळी तो हसला. टॅबलेट हातात नसला की चांगला हसतो तो. मी दोन्ही तुकड्यांचे नंबर जुळवून पाहिले आणि त्याला पाचशेची कोरी नोट दिली. नियम तो नियम.

नोट घेऊनही तो हलेना. मागे दोन आजी उभ्या होत्या. त्याने काउंटरच्या काचेजवळ तोंड आणले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, ते तुम्ही कसं चिकटवलंत? माझ्या स्कूटरचं पुढचं पॅनेल तडकलंय. आमच्याकडे विचारलं, तर ते म्हणाले..."

"माहीत आहे काय म्हणाले," मी म्हणालो. "आधी पॅनेल उलटं करून पाठीवर काय लिहिलंय ते बघा. रविवारी सकाळी घेऊन या."

तो आला. वडिलांचा डबा पार्किंगमध्ये उघडला. चिरंजीव त्याच्या आधी येऊन बसले होते, आणि पॅनेल हातात घेऊन त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ते उलटे केले.

"बाबा," ते म्हणाले, "एबीएस आहे. माझे अजून सहा काळे ठोकळे शिल्लक आहेत."